भिंतीचं लुगडं

गोव्यातल्या त्या चर्चच्या भिंतीला मी हात टेकवला आणि तळहाताला लाल भुकटी लागली. आमच्या आवारातल्या मुरमाच्या रस्त्यावर पोर पडलं की त्याच्या गुडघ्याला लागते, तशी. धाकट्या लेकीनं पाहिलं न् पर्समधून रुमाल काढून दिला. मी हात पुसला नाही. ते लाल पाहून मले माझ्या घरची उत्तरेकडची भिंत आठवली, आणि त्यापुढं जावईबापू काय काय माहिती सांगत होते ते निम्मं ऐकलं, निम्मं सुटलं.

जावईबापू वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात आहेत. धानाची कापणी-मळणी आटोपली की या, असं लेक दोन वर्षं म्हणत होती. शेवटी एका डिसेंबरात मी नागपूरहून मडगावची गाडी धरली. त्यांनी मले समुद्र दाखवला, मंगेशीचं देऊळ दाखवलं, आणि एका सकाळी जुन्या गोव्यात नेलं. 'बॉम जीझस' असं त्या चर्चचं नाव. म्हणजे चांगला येशू, बाळयेशू. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, त्यातही इतिहासात पस्तीस मार्कांवर सुटलेला. पण घर कसं उभं राहतं आणि कसं पडतं, एवढं मले कळते. म्हणून मी मूर्ती पाहायच्या आधी भिंती पाहिल्या.

आपल्याकडच्या वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगतो. पाया घातला १५९४ च्या नोव्हेंबरात आणि चर्च देवाच्या कामी लागलं १६०५ च्या मे महिन्यात. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून पंचवीस वर्षं होती. आतून लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट. दर्शनी बाजूला एकावर एक मजले, त्यावर त्रिकोणी माथा, आणि माथ्यावर तीन अक्षरं कोरलेली. ती येशूच्या नावाची. दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि खांब काळ्या दगडाचे. तो दगड वसईकडून आणला असं सांगतात. मधल्या सगळ्या भिंती मात्र जांभ्याच्या. जांभा म्हणजे आपल्या मुरमाचा थोरला भाऊ समजा. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीनं तासता येईल असा. वारं लागलं की कडक होतो. पण अंगभर भोकं. पोळ्यात मध असावा तशी त्या भोकांत माती असते. पाऊस पडला की पाणी आत जाते आणि ती माती घेऊन बाहेर येते. गोव्यात पाऊस आमच्या भंडाऱ्याच्या दुपटीहून जास्त.

मग असा दगड चारशे वर्षं कसा टिकला, हे मी जावईबापूंना विचारलं. ते म्हणाले, "मामाजी, याला गिलावा होता. चुन्याचा. हे चर्च पहिले पांढरं होतं."

मी वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथं से कॅथेड्रल उभं आहे, पांढरंशुभ्र. त्याचा एक मनोरा १७७६ साली पडला, तो तसाच पडलेला ठेवला आहे, पण अंगावर चुना आहे. आणि हे समोरचं लालभडक, उघडं. लोक फोटो काढत होते ते लालचेच जास्त. एक नवरा-नवरी भिंतीला पाठ लावून उभी होती. फोटोवाला म्हणत होता, जुना लूक छान येतोय.

गिलावा काढला तो १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत. पोर्तुगालहून बाल्ताझार कास्त्रो नावाचे वास्तुकार आले होते, जुन्या इमारतींच्या कामासाठी. त्यांनी हा गिलावा उतरवला. पोर्तुगालातही त्या काळी सरकारी खात्यानं कितीतरी जुन्या चर्चांचे गिलावे असेच खरवडले होते. दगड दिसला की इमारत जुनी दिसते, हा हिशोब. इकडं आपला देश १९४७ ला मोकळा झालेला, गोवा आम्हाला द्या अशी मागणी सुरू झालेली. गोव्यात आमची मुळं चारशे वर्षांची आहेत हे पोर्तुगालच्या सरकारला जगाला दाखवायचं होतं, म्हणून जुन्या गोव्याला जुनं दिसणं भाग पडलं, असं अभ्यासक सांगतात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. पोर्तुगीज गेले. भिंत उघडीच राहिली.

आता माझ्या भिंतीचं सांगतो, त्याशिवाय मले हे का लागलं ते कळायचं नाही.

माझं गाव कोका अभयारण्याच्या अलीकडं. अभयारण्य झालं २०१३ साली. मग जिप्स्या आल्या, नागपूर-रायपूरचे पाहुणे आले, आणि गावात दोघा-तिघांनी घराच्या खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. मीही काढली. धानाला भाव काय मिळतो हे सांगून वाचकाचा वेळ घेत नाही. घर आजोबाच्या हातचं. मातीच्या कच्च्या विटांच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू. भिंतीवर शेण, माती न् धानाच्या कोंड्याचं लिंपण, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हात. दरसाल दिवाळीच्या आधी माय भिंती पोतारायची, पावसाच्या आधी उत्तर-पश्चिमेची भिंत पुन्हा लिंपायची. तिच्या आधी तिची सासू हेच करत होती. ऐंशी वर्षांचे थर एकावर एक, पोळीच्या पदरासारखे.

एकदा एक पाहुणे आले. शहाणे होते, घरं सजवायचा धंदा होता त्यांचा. सपरीत एका जागी लिंपणाचा पोपडा निघाला होता. त्यांनी नखानं अजून थोडा काढला, आणि आतल्या विटेवर बोटांचे ठसे दिसले. आजोबानं विटा साच्यात घालताना वरून हात फिरवला होता, त्याची चार बोटं आणि अंगठा. पाहुणे खुर्चीवरून उठून उभे राहिले. "अहो, हे सोनं आहे तुमचं! हे झाकून काय ठेवता? ही अख्खी भिंत उघडी करा. लोक हे पाहायलाच येतील."

त्यांचा काही दोष नाही. त्यांना आवडलं ते त्यांनी सांगितलं. खरवडणारा मी होतो. खुरपं घेऊन आठ दिवस बसलो. खरं सांगतो, मले रडू आलं होतं. आजोबाला मी पाहिलं नव्हतं. माझ्या जन्माआधी गेला तो. आणि इथं त्याचा अंगठा! मी माझा अंगठा त्याच्यावर ठेवून पाहिला. माझा लहान निघाला. मले वाटलं, खरं घर हे आहे. वरचं सगळं लिंपण म्हणजे नुसता देखावा, झाकपाक.

माय शेताकडून आली. भिंत पाहिली. म्हणाली, "भितीचं लुगडं कोनं फेडलं?"

मी तिले ठसे दाखवले. सासऱ्याच्या हाताचे ठसे म्हणून तिनं पदर सावरला, भिंतीला हात जोडले. मग म्हणाली, "पाह्यलं ना? आता झाक बापा. मामाजीले हिव लागंल."

मी हसलो. झाकलं नाही.

त्या हिवाळ्यात पाहुणे खरंच वाढले. फोटो निघाले. आणि मग एक गोष्ट झाली, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. डिसेंबरातली सकाळ, आमच्याकडं त्या महिन्यात दवानं तणसही ओली असते. माय त्या भिंतीपाशी बसून सुपात तांदूळ पाखडत होती. अंगात लेकीनं पाठवलेला निळा स्वेटर. एक बाई मोठा कॅमेरा घेऊन आल्या न् गोड बोलल्या, "आजी, तेवढा स्वेटर काढता का? फोटो ओरिजिनल येईल." मायनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "काढ ना माय, दोन मिनिटाचं काम हाये." तिनं काढला. दोन मिनिटांचे वीस झाले. फोटो खरंच सुंदर आला. त्यात तिच्या हातावरचे काटे दिसतात.

पुढल्या श्रावणात झडी लागली. पाच दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर आजोबाचा अंगठा पुसट झालेला, पाचव्या दिवशी बोटं गेली. विटांच्या कडा गोल झाल्या, भिंतीच्या पायाशी चिखलाची रांग बसली. मी ताडपत्री टाकली, पण भिंतीनं पाणी आधीच पोटात घेतलं होतं. सहाव्या दिवशी पहाटे आवाज झाला. ज्या जागी मायची बाज होती तिथं भिंत बसली. माय चूल पेटवायला उठली होती म्हणून वाचली. बाज तुटली, आणि बाजेखाली बांधलेलं शेळीचं एक पिल्लू गेलं.

ऐंशी वर्षं लिंपणाखाली राहिलेला ठसा मी एका पावसात घालवला. लिंपणानं तो लपवला नव्हता, राखला होता. हे मले गोव्यात त्या लाल भिंतीपाशी नीट उमगलं.

तर प्रश्न असा आहे. खरं ते आतलं, वरचं ते खोटं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनात हेच, भजनात हेच. वरलिया रंगाला भुलू नये हे मलेही पटते. पण माणसाच्या ढोंगाला लावलेलं हे माप मी घराला लावलं, मायलाही लावलं, तिथं गफलत झाली. आम्ही धान पिकवणारे लोक. मिलमधून चकचकीत तांदूळ निघतो, तो पेरून पाहा. उगवत नाही. पेरायचं तर साल असलेलं धानच पेरावं लागते. मग धानाचं खरं रूप कोणतं, आतला तांदूळ की साल? शहरातला माणूस तांदूळ म्हणंल, कारण तो त्याला शिजवायचा आहे. धानाला विचारलं तर ते सालीसकट सांगंल.

त्या चर्चचं तसंच. बांधणाऱ्यांनी ते चुन्यानं पांढरं करायचं म्हणूनच जांभा वापरला. दिसायचा दगड त्यांनी काळा घेतला, न दिसायचा लाल. कारागिराचा हिशोब भिंतीवर लिहिलेला असतो, वाचणारा पाहिजे. म्हणजे आज लोक ज्याला असली जुनं रूप म्हणतात ते बांधणाऱ्यांनी कधी पाहिलंच नाही. साडेतीनशे वर्षं ते चर्च पांढरं होतं, लाल होऊन त्याला सत्तरेक वर्षं झाली. जुनं दिसायला म्हणून केलेलं हे त्या इमारतीचं सगळ्यात नवं रूप.

हे मी संध्याकाळी जावईबापूंना बोललो. ते विचार करणारे माणूस आहेत. म्हणाले, "मामाजी, पण आता सगळं जग याला लालच ओळखते. गोव्यातली दोन पिढ्या माणसं लाल पाहत मोठी झाली. उद्या चुना लावला तर लोक म्हणतील, आमचं चर्च बदललं. त्यांचं खोटं कसं म्हणायचं?"

यावर मी बराच वेळ गप्प होतो. त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. माणसाला सवय झाली की तेच त्याचं खरं होते. माझ्या गावातल्या पोरांना डोंगराकडचं तळं नेहमीचंच कोरडं वाटते, कारण त्यांनी भरलेलं पाहिलंच नाही. पण तळ्याला विचारणार कोण? चर्चचे मुख्य फादर २०२० साली उघड बोलले होते, की छप्पर गळते, भिंती पाणी पितात, इमारतीला धोका आहे, गिलावा पुन्हा व्हावा. भिजणाऱ्या घरात जो राहतो त्याचं बोलणं आणि बाहेर उभा राहून फोटो काढणाऱ्याचं बोलणं, माझ्या तराजूत एका वजनाचं नाही. माझ्या घरातही ते एका वजनाचं नव्हतं. मी पाहुण्याचं ऐकलं, मायचं नाही ऐकलं.

कुणी म्हणेल, मग झाकलेलं कधी उघडूच नये का? असं नाही. आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली खोदकाम झालं, नागपूर विद्यापीठ न् पुरातत्त्व खातं दोघांनी मिळून केलं. आत दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला, कोरीव दगड निघाले, त्यांवर अक्षरं निघाली. ते उघडलं नसतं तर आमच्या वैनगंगेकाठी काय होऊन गेलं हे आम्हाला कळलंच नसतं. ते खोदणं जाणून घेण्यासाठी होतं. मायनंही मले तेच म्हटलं होतं, पाह्यलं ना, आता झाक. पाहणं न् उघडं ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरही सदरा काढायला सांगतो, पण तपासलं की घाल म्हणतो.

चर्चच्या आत गेलो तेव्हा एका बाजूला उंचावर चांदीची पेटी होती. त्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवलेली, खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या राजानं पाठवलेला. हे संत १५४२ साली गोव्यात आले, पुढं जपानपर्यंत गेले आणि १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर वारले. तिथं पुरताना पेटीत चुना भरला होता. मांस लवकर गळून जावं, मग हाडं नेता येतील, असा विचार. काही महिन्यांनी उकरलं तर देह जसाच्या तसा होता, असं सांगतात. भाविक त्याला चमत्कार मानतात, आणि दर दहा वर्षांनी तो देह दर्शनाला खाली आणतात. मी वेगळ्या धर्माचा माणूस, त्यावर काय बोलणार. पण माझ्या मनात उगाच आलं, की चुन्यानं यांना राखलं आणि यांच्या घराचाच चुना माणसांनी काढून घेतला. असं मनात येऊ नये, पण आलं. एक म्हातारी ख्रिस्ती बाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं पेटीकडं पाहून हात जोडले तेव्हा मीही जोडले.

परतताना आम्ही टेकडीवरचा संत ऑगस्टीनचा मनोरा पाहिला. तोही जांभ्याचा, ४६ मीटर उंच होता. मठातले साधू १८३५ मध्ये सरकारनं घालवले, १८४२ मध्ये छताची कमान पडली, मग थोडंथोडं करत सगळंच. आता अर्धा मनोरा उभा आहे, लाल, भोकाभोकाचा. गिलाव्याचा एखादा तुकडा कुठं कुठं चिकटून आहे. तिथं माझ्या मागं कुणी तरी म्हणालं, हे जास्त ग्रँड वाटते.

घराची भिंत मी पुन्हा बांधली. भाजक्या विटांची बांधायची म्हणून मिस्त्री मागं लागला होता, वर सिमेंटची छपाई. मातीच्या घरावर सिमेंट धरत नाही, हे शेजाऱ्याच्या घरी पाहिलं आहे. पाणी आत कोंडते न् पोपडा अख्खा सुटतो. म्हणून कच्च्या विटांचीच बांधली. विटा पाडताना मी वरून हात फिरवला. मुद्दाम फिरवला का आपोआप, हे मले सांगता यायचं नाही. मायनं बाजूला बसून गोळे करून दिले, मग पहिला लिंपणाचा हात तिनंच दिला. पाहुण्यांची खोली अजून आहे. स्वेटरचा तो फोटो बाईंनी मोठा करून पाठवला होता. तो मी भिंतीला लावला नाही, कपाटात ठेवला आहे.

मायला तो दिवस आठवतो का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे, हे कळते. तीन हिवाळे झाले.

गेल्या ज्येष्ठात लेकीनं फोनवर एक फोटो पाठवला. गोव्यात पाऊस लागला होता आणि ते चर्च ओलं होऊन आणखी गडद, काळपट लाल दिसत होतं. माय सपरीत पावसाआधीचं लिंपण करत बसली होती. आता नजर कमी झाली, भिंतीच्या खालच्या भागावर तिचा हात, वरच्या भागावर सुनेचा. मी फोन तिच्यापुढं धरला. म्हटलं, "माय, हे पाह्य, चारशे वर्षांचं देऊळ हाये, येशूचं."

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. बोटाचा शेणकाला काचेला लागू नये म्हणून हात मागं धरला होता.

"मोठं हाये गा," म्हणाली. "पन हे पान्याच्या आंधी लिपत नाहीत का?"

"नाही माय. सरकारी हाये ते."

"मंग तिथं बाया नाहीत का?"

मी म्हणालो, आहेत. तिनं मान हलवली आणि घमेल्यात हात घातला.